पहिलं गिऱ्हाईक

“डोळे मिट. आता मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत,” जुलियाना म्हणाली.

पलंगावर आडव्या झालेल्या एमिलीने डोळे मिटले. खालच्या पापण्यांवर कागदी पट्टी बसली. डोक्यावरचा दिवा लागल्याचं मिटल्या डोळ्यांनाही कळलं.

“कुवेतला सहा वर्षं हेच केलंस, आणि स्टुडिओ काढायच्या आधी काय बघायचं ते मला विचारतेस?” जुलियाना हसली. “बिशप फादरला विचारतोय, मिस्सा कशी म्हणायची!”

“तिथली गिऱ्हाइकं वेगळी गं. इथलं तुला माहीत.”

वटार गावात असला स्टुडिओ पहिल्यांदा काढला तो जुलियानाने, आपल्या घराच्या पुढच्या खोलीत, २००७च्या नाताळाआधी. प्रत्येक खऱ्या पापणीवर एक कृत्रिम पापणी चिकटवायची, हे काम तिला एमिलीनेच शिकवलं होतं, एकदा रजेवर आली असताना. त्यानंतर एमिली कुवेतमध्ये बसून फोनवर तिचं कौतुक ऐकत राहिली. आईसुद्धा सांगायची, “जुलीचं बरं चाललंय हो. पोरगी मेहनती.” एमिली लगेच विषय बदलायची.

आई, ॲंजेला, स्वतःच्या डोळ्यांना मात्र कोणाला हात लावू देत नसे. “तू इथे येऊन दुकान काढ. पहिलं गिऱ्हाईक मी,” असं ती दर रजेत म्हणायची. एमिली दर रजेत पुढच्या वर्षाचा वायदा करायची.

गेल्या महिन्यात आई गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात मशीनवर ठेवलं, आणि मंगळवारी पहाटे सगळं संपलं. एमिली गुरुवारी पोचली. तिच्यासाठी दफन थांबवलं होतं. पुढच्या खोलीत पेटी उघडी ठेवलेली. कपाळाचं चुंबन घ्यायला ती वाकली आणि तिला आईच्या पापण्या दिसल्या. दाट, काळ्या, एकही गळालेली नाही. काम ताजं होतं. बाहेरच्या कोपऱ्यातली शेवटची पापणी जराशी आखूड. ही सवय एकाच हाताची होती.

भोवती बायका रोझरी म्हणत होत्या. एमिलीच्या मनात प्रार्थना आली नाही. आई जुलीकडे बसली, एवढंच आलं.

परवा महिन्याची मिस्सा झाली. काल एमिलीने रस्त्यापलीकडचा गाळा बघून ठेवला. जुलियानाच्या दारातून थेट दिसेल, असा. मालकाला उद्या होकार कळवायचा होता. त्याआधी तिला एवढंच कळायला हवं होतं: आई या पलंगावर कधी आडवी झाली, आणि का थांबली नाही.

“लिही हं डोक्यात,” जुलियाना म्हणाली. चिमटा हलका चालत होता. “पहिलं म्हणजे इन्व्हर्टर. लोडशेडिंगला अर्धा डोळा झालेली बाई घरी पाठवता येत नाही. आणि पावसाळ्यात इथल्या हवेत गम कसा वागेल ते तुझ्या कुवेतच्या मॅडमलाही सांगता यायचं नाही. एसी ‘ड्राय’वर ठेवायचा.”

“आणि?”

“उपवासकाळ. चाळीस दिवस लग्नं नाहीत, म्हणजे नवऱ्या नाहीत. तेव्हा नोकरीवाल्या मुली धर. त्या दर तीन आठवड्यांनी गळालेल्या भरून घ्यायला येतात. आणि नवीन बाई आली की आदल्या दिवशी कानामागे गम लावून बघायचा. खाज सुटली तर सरळ नाही म्हणायचं. ॲनीला मी नाही म्हटलं होतं. अजून चर्चमध्ये माझ्याकडे पाठ करून बसते.”

एमिली हसली.

“हसू नकोस, बाय, पापणी हलते.” जुलियानाने पुढची पापणी चिमट्यात उचलली. “मुख्य सांगायचं राहिलं. डोळे मिटलेली बाई दोन तास बोलते. सासू, जाऊ, नवरा, सगळं बाहेर येतं. ते आपल्या पोटात ठेवायचं. गाव लहान आहे.”

म्हणजे आईही बोलली असेल. इथे, या उशीवर. आपल्याबद्दलच बोलली असेल.

“जागा बघितलीस?”

“अजून नाही.”

“मग समोरचा गाळा घे की. उत्तरेचा उजेड आहे, या कामाला तोच लागतो. मी बोलू मालकाशी?”

“तुझ्या दारासमोर?”

“मग काय झालं? माझ्याकडे बायका पायरीवर ताटकळतात. थोड्या तुझ्याकडे पाठवीन.”

एमिलीला राग आला. हिला देणंही परवडतं, असं वाटलं. सगळं घेऊन झाल्यावर.

“आई कितीदा आली तुझ्याकडे?”

चिमटा थांबला.

“एकदाही नाही.”

“जुली.”

“खरंच. बोर्ड लावला त्या दिवशी हाताला धरून आणत होते. दारातून मागे फिरल्या. म्हणाल्या, एमिली काढेल तेव्हा.”

“मी वाकून बघितलंय. कोपऱ्यातली आखूड पापणी कोण ठेवतं, ते मला माहीत आहे. शिकवलंय कोणी तुला?”

 मग चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा बारीक आवाज आला.

“हात माझाच होता,” ती म्हणाली. “मशीनवर असताना डोळे मिटलेले राहावेत म्हणून त्यांना चिकटपट्टी लावली होती. ती काढली तेव्हा पापण्या तिच्याबरोबर निघून आल्या. मी बघितलं, आणि वाटलं, एमिलीला आई अशी दिसायला नको.”

“कधी?” एमिलीने विचारलं.

“शवागारात, कातडीवरच एकेक करून लावल्या,” जुलियाना म्हणाली. “तू विमानात होतीस.”