कडूबाचा डोंगर

विलायतेहून पत्र आलं, तेही ‘कडूबाची विधवा, देऊळघाट, वऱ्हाड’ या नावाने.

“जित्ता नवरा बसला इथं, अन् मी विधवा!” कोकिळा हसली. कडूबाही हसला.

बारा वर्षांपूर्वी साहेबाच्या मोहिमेत खेचरं सांभाळायला तो बर्फाच्या मुलखात गेला होता. तिथे त्याचे पाय गारठून निकामी झाले. साहेब त्याला तंबूत ठेवून मदत आणायला निघाला, तो परतलाच नाही. पाचव्या दिवशी देवमाशाचे शिकारी आले, म्हणून कडूबा वाचला. “वादळात वाट चुकला असन बिचारा,” असंच तो सगळ्यांना सांगायचा.

शेषराव गुरुजी पत्र वाचू लागले. साहेबाच्या सांगण्यावरून नावं ठरवणाऱ्या समितीने त्या बर्फाच्या मुलखातल्या एका डोंगराला कडूबाचं नाव दिलं होतं.

“पाह्य कोकिळा, साहेब इसरला नाही मले! गुरुजी, काऊन थांबले?”

गुरुजींचा आवाज उतरला. “खाली साहेबाचा जबाब आहे. ‘कडूबाला मी माझ्या हाताने पुरलं, मगच तंबू सोडला.’”

कोकिळाने नवऱ्याच्या पायांवर हात ठेवला.

“पाच दिवस म्या कंदील इझू देला नाही, गुरुजी,” कडूबा म्हणाला. “साहेबाले तंबू दिसला पाह्यजे म्हणून.”