जवाईबापूंचा रस्ता

"परतवाड्यावरून सरळ धारणीचा रस्ता धरला असता, त आतापावतर मांडवात बसलो असतो," देवराव म्हणाले. म्हणाले ते मागे बसलेल्या बायकोला. गाडी जावई चालवत होता, आणि जावयाला बोलायची सोय नव्हती.

"मले काहून सांगता?" मैनाबाई म्हणाल्या. "मी काय गाडी वळवली?"

बारा वाजता धारणीला देवमनच्या पोरीचं लग्न होतं. देवमन म्हणजे देवरावांच्या एसटीचा कंडक्टर. सव्वीस वर्षं चिखलदऱ्याच्या घाटात देवरावांनी बस चालवली आणि देवमनने तिकिटं फाडली होती. जावई धर्मेंद्रने नवी गाडी घेतली होती आणि चिखलदऱ्यावरून जाऊ, रस्ता फार सुंदर आहे, असं त्याने परतवाड्याला परस्पर ठरवलं. वर दोन पॉइंट झाले, रबडी झाली, लेक नीलमचे नवऱ्यासोबत फोटो झाले, पुन्हा चष्मा लावून झाले. आता साडेअकरा वाजले होते आणि त्याच घाटातला सेमाडोहकडचा उतार लागला होता.

देवमनचा फोन तीनदा येऊन गेला होता. तिन्ही वेळा देवरावांनी "आलोच" सांगितलं होतं.

उतारावर धर्मेंद्रने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. देवरावांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"नीलम," ते पुढच्या सीटवरूनच म्हणाले, "जवाईबापूंना म्हण, गाडी गिअरात राहू द्या."

"बाबा, ते ऐकून राहिले ना. तुम्हीच सांगा."

"मामाजी, नवीन गाडी आहे," धर्मेंद्र हसून म्हणाला. "पेट्रोल वाचते. आणि हिचे ब्रेक एकदम पॉवरफुल आहेत."

तीन वळणं गेली. प्रत्येक वळणावर धर्मेंद्र ब्रेक दाबत होता आणि सोडत होता. मग जळका वास आला. मैनाबाईंनी पदर नाकाला लावला. कोणी जंगलात काही पेटवलं असेल, असं नीलम म्हणाली.

चौथ्या वळणाच्या आधी धर्मेंद्रने ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे गेली. त्याने पुन्हा दाबला. पाय पार खालपर्यंत गेला.

"मामाजी," तो म्हणाला.

"तिसरा टाक," देवराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "क्लच हळू सोड. आता दुसरा. समोर पाह्य, माह्याकडं नको पाहू. डोंगराच्या अंगानं घे."

इंजिन ओरडलं. देवरावांनी हँडब्रेक धरला आणि थोडा थोडा वर ओढत आणला. डावी चाकं नालीत उतरली, आरसा दगडाला घासून मोडला आणि गाडी थांबली.

मग धर्मेंद्र उतरला आणि पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला.

"पाणी नका टाकू, जवाईबापू," देवराव म्हणाले. "ब्रेकची तापलेली डिस्क वाकडी होते. अर्धा तास हात लावू नका."

रस्त्यापलीकडच्या कठड्यावर सगळे बसले. मैनाबाईंनी पर्समधून बिस्किटं काढली आणि पहिलं जावयाला दिलं. लग्न गेलंच होतं. देवरावांना बसवेना. ते कठड्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

फोन वाजला.

"कुठी आहेस तू?" देवमन वैतागला होता. "भंतेजी येऊन बसले. पाव्हणे मले विचारून राहिले, कोनाची वाट पाहून राहिला म्हून."

"घाटात आहो. गाडी थंडी करून राहिलो."

"चिखलदऱ्याकून आला? सरळ रस्ता सोडून? कोनाची अक्कल म्हनाव ही?"

फोनमधला आवाज धर्मेंद्रपर्यंत पोचला. त्याने मान खाली घातली.

"माहीच," देवराव म्हणाले. "म्या म्हटलं, या रस्त्यानं चला."

पलीकडे सनईची टेप वाजत होती.

"देवमन," देवराव म्हणाले, "इथून खाली नदी दिसते."

"दिसते ना. मोठं वळण घेते तिथं. हिवाळ्यात सकाळी धुकं राहते तिच्यावर."

"तुले कसं मालूम?"

"मी त रोज पाहो."

देवरावांनी पुन्हा खाली पाहिलं. "मंग मले कधी काहून नाही सांगतलं?"

"मांगं पन्नास मानसं बसून राहे, देवराव," देवमन म्हणाला. "तुले कसं म्हनू, पाह्य म्हून?"