पोहऱ्याचा आवाज

अभ्यासक्रमातली कविता समजावून सांगायला खुद्द कवीच वर्गात अवतरले होते, म्हणून बाई फळ्याजवळ गुमान उभ्या होत्या. कवींनी त्यांच्याकडे एकदाही न बघता सांगून टाकलं, "यातली कोरडी विहीर म्हणजे माझी पहिली बायको. रूपक आहे ते. माणूस तहानेने मेला तरी थेंब द्यायची नाही."

वर्ग खो खो हसला. बाईंनी खडू उचलला.

"आता नाद बघू. विहिरीत सोडलेला पोहरा या कवितेत कसा वाजतो?"

"खणखण," मुलं म्हणाली.

"म्हणजे तो कडेच्या दगडांवर आपटतोय. कोरड्या तळाला टेकला असता तर धप्प वाजला असता. लिहून घ्या. पोहरा खालपर्यंत पोचलाच नाही. विहिरीला पाणी होतं, दोर आखूड होता."

कवींनी हातातला ग्लास टेबलावर आदळला.

पहिल्या बाकावरची मुलगी लिहिता लिहिता थांबली. "पण बाई, पाणी होतं असं कवितेत कुठेच नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"विहिरीने," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या.