एका छत्रीखालचे दोघे

"टीका अजून झोंबली पाहिजे," असा निरोप तिसऱ्यांदा आला, तेव्हा मडिवाळप्पा सरांनी चष्मा काढून संगणकाकडं कौतुकानं पाहिलं.

"बघ सिदू, ह्याला म्हणतात कणा."

सिदूनं मान डोलावली. कणा असो की टॉवेल, जगाला काहीही विकायचं तर त्याचं इंग्रजीत वर्णन लिहून द्यायचं, हा त्याचा धंदा. नव्या पेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर दोन खोल्या. चादरी, टॉवेल, शाळेचे गणवेश, सगळं तिथून शब्दांत गुंडाळून बाहेर पडायचं. एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, तेव्हा या जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना मायेनं बोलावून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात हात जोडले. "सर, टॉवेलच्या वर्णनात स्वाभिमान आणू नका. पाणी टिपतो एवढंच लिवा की."

हे काम मात्र इंटरनेटवरून आपणहून चालत आलं होतं. समुद्राकाठच्या एका मध्यम चणीच्या देशाचा परराष्ट्रमंत्री जागतिक परिषदेत बोलणार होता. त्याचं भाषण हवं होतं. आमचा एक बलाढ्य मित्र आहे, मैत्री जुनी आहे, पण आमचं धोरण आम्हीच ठरवू, असा एकूण सूर. देशाचं नाव कुठं सांगायचं नाही असं करारात होतं, म्हणून ते इथंही नको. काम देणाऱ्यानं स्वतःचंही नाव दिलं नव्हतं.

सरांनी जन्मभर अलिप्ततावाद शिकवला होता, तोही जेवणानंतरच्या तासाला. आपलं एक तरी वाक्य जाग्या माणसांनी ऐकावं, जमलं तर एखाद्या देशाच्या तोंडून निघावं, एवढीच इच्छा उरली होती. ते वाक्य आता तयार होतं: 'एका छत्रीखाली दोघं चालले, म्हणून दोघांचं गाव एक होत नाही.'

पलीकडं कोण असेल, याचं त्यांना भारी कुतूहल. मनातल्या मनात त्यांनी माणूस उभाही केला होता. तरुण अधिकारी, लहानशी खोली, मागं झेंडा, वरिष्ठांशी भांडून आलेला, चहा गार झालेला. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "तुमचा मित्रदेश रागावणार नाही का?"

उत्तर आलं: "रागावण्याचं आमच्याकडं लागलं. तुम्ही लिहा."

"वाघ आहे," सर म्हणाले.

वाघानं एकच परिच्छेद सबंध उडवला. मित्राच्या आरमाराला दिलेल्या बंदराचा फेरविचार करू, असं सरांनी त्यात लिहिलं होतं. "टीका हवी तेवढी करा. बंदर नको."

"तेवढीच त्यांची दुखरी नस असणार," सर हळहळले. "असू दे. लहान देशाला सगळंच बोलता येत नाही."

घरी मुलाच्या, महेश्वरच्या, लग्नाची धांदल होती. बायको रत्नम्मा यादी करत बसली होती.

"अवो, कानपिळीचा पोशाख राहिलाय. शनिवारी आणते."

"म्हणजे नवरीचा भाऊ आपल्या पोराचा कान पिळणार, आणि पोशाख आपणच घ्यायचा?"

"मग? मान हाय तो त्याचा. महेश्वरला सांगून ठेवा, जरा मोठ्यानं ओरड म्हणावं. गप बसला तर पावणे म्हणतील, ठरवून केलं."

"लोकांना काय, कळत नाही?"

"कळतंय की. तरी हसतेत."

सरांनी ऐकलं न ऐकलं. त्यांचं लक्ष छत्रीत होतं. कारण त्याच दिवशी निरोप आला होता: छत्रीचं वाक्य काढा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभ्यानंच उत्तर टाइप केलं. "वाक्य जाणार असेल तर मीही जातो."

"सर, गिऱ्हाईक हाय ते!" सिदू ओरडला.

"गिऱ्हाईक असेल. मालक नाही. एकतीस वर्षं काय शिकवलं मी तुला?"

"मी मागच्या बाकावर होतो, सर."

अर्धा तास सिदू पंख्याचं बटण उगाच चालू-बंद करत राहिला. मग एक ओळ उमटली: "वाक्य राहू द्या. खरं वाटतं ते."

त्या दिवशी सर पेठेतून घरापर्यंत छाती काढून चालत गेले. ओळखीच्या दोघांनी तब्येतीची चौकशी केली.

भाषण शनिवारी दुपारी होतं. सिदूनं संगणकावर लावलं. रत्नम्मा पोशाखाची पिशवी घेऊन बाजारातून थेट माडीवर आली आणि खुर्चीत टेकली. मंत्री गोरागोमटा, गंभीर होता. सातव्या मिनिटाला त्यानं पान उलटलं आणि तो म्हणाला, एका छत्रीखाली दोघं चालले, म्हणून...

सभागृह उभं राहिलं. सरांनी खिशातला रुमाल काढला. दहा मिनिटांत मराठी वाहिनीवरही पट्टी धावली: 'बलाढ्य मित्राचे भर सभेत कान उपटले!'

"कुणाचं कान उपटलं म्हणं?" रत्नम्मानं विचारलं.

"महासत्तेचे," सर म्हणाले. आवाज जरा ओला होता. "आणि ते नव्या पेठेतल्या एका माणसानं."

"ओरडली का ती?"

"ओरडेल की उद्या."

तेवढ्यात मेल आला. "वाच मोठ्यानं," सर म्हणाले. "तो अधिकारी पोरगा रडला असेल आनंदानं."

सिदू वाचू लागला.

"भाषण ठरल्याप्रमाणे झालं, आभार. आता त्यावरचा आमचा संताप उद्यापर्यंत लिहून द्या. दोनशे शब्द, झोंबणारे, आमच्या राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी शोभतील असे. बंदर याही वेळी नको. आणि छत्री आमची आहे, हे कुठं येऊ देऊ नका."