खिडकीजवळचे ओरखडे

नातू कोलने दिवाणखान्यातला जुना हिरवा गालिचा उपटून काढला आणि खालची लाकडी जमीन उघडी पडली. “आजी, एवढं देखणं लाकूड झाकून ठेवलंत? धन्य तुमची!” नातसून टेसा हसली. आजीची, लव्हॉनची, नजर खिडकीपाशी खिळली. पोलिओ झालेला तिचा मुलगा वेन पायांना लोखंडी पट्ट्या बांधून रोज सकाळी तिथेच उभा राहायचा, शाळेची बस बघायला. पट्ट्यांचे ओरखडे तसेच होते. तो वारला त्याच आठवड्यात नवऱ्याने तिला न विचारता जमिनीवर खिळ्यांनी गालिचा ठोकला. साठ वर्षं ती त्या जागेवर खुर्ची टाकून बसली. आता घर कोलच्या नावावर होतं. “बाळा, खिडकीजवळचे ओरखडे...” ती चाचरत म्हणाली. “दिसले गं, आजी. काळजी करू नकोस, एकसुद्धा ठेवत नाही,” कोल म्हणाला, आणि तिला बरं वाटावं म्हणून लाकूड घासून गुळगुळीत करायचं यंत्र आधी तिथेच नेलं.