सातचा बिघाड

घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देता जो देतो, तोच खरा दाता. मयुरा हे जाणत होती. म्हणून पद्माकरकाकांनी पुन्हा दार वाजवले, तेव्हा तिने कपाळावर आठी येऊ दिली नाही.

“मयुरा, आमचे वायरलेस इंटरनेट पुन्हा रुसले. आठ वाजता साकेत अमेरिकेहून बोलणार आहे.”

“आलेच, काका.”

दोन हजार आठची थंडी होती. नोएडातल्या तिच्या कंपनीने दिवाळीनंतर निम्मी माणसे कमी केली, त्यांत तीही होती. गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीत हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. पुण्याला आईलाही नाही. दिवसभर दार लावून ती नोकरीचे अर्ज धाडी आणि चहा पिई. समोरच्या घरातून पद्माकरकाकांच्या पत्नी कल्पनाकाकूंनी दोनदा डबा आणला होता. “जेवले मी, काकू,” म्हणून तिने तो तसाच परत केला.

काका पहाडगंजला संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. लॅपटॉप मुलाने, साकेतने, जाताना ठेवलेला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स प्रणाली.

मयुराने आज्ञा लिहायचे टर्मिनल उघडले. नेटवर्क सांभाळणारी सेवाच बंद होती. काल पासवर्ड बदललेला सापडला होता, परवा वायरलेस कार्ड चालवणारा ड्रायव्हर वर्ज्य यादीत.

“हे आपोआप होतं?” काकांनी विचारले.

“होतं कधीकधी.”

“यंत्रच ते! ह्यांच्यासारखंच लहरी,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “चलो, आलीच आहेस तर पान वाढते. नाही म्हणू नकोस, ह्यांना सोबत लागते जेवताना.”

मयुराने लॅपटॉपमधल्या आज्ञांच्या नोंदी चाळल्या. रोज सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, याच लॅपटॉपवरून, कोणीतरी हाताने आज्ञा लिहिली होती. तिचे बोट थबकले. मुलगा परदेशी, घर रिकामे. कोणी यावे म्हणून वृद्ध मनुष्य स्वतःचेच यंत्र मोडत होता.

तिने नोंदी मिटल्या. सेवा पुन्हा सुरू केली आणि पानावर बसली.

दोन महिने ती रोज जात राहिली. फाल्गुनात बंगळुरूहून नेमणुकीचे पत्र आले, तेव्हा आनंदाआधी काळजीच दाटली. आता यांच्याकडे कोण येईल? तिने एका वहीत सगळे उपाय क्रमाने लिहिले आणि निघण्याच्या दिवशी ती घेऊन गेली.

“काका, बिघडलं तर यात बघा.”

“आता नाही बिघडायचे.”

“तुम्ही गप्प बसा हो,” काकू घाईने म्हणाल्या आणि आत वळल्या. काका तिची बॅग घेऊन लिफ्टकडे गेले.

वही ठेवायला मयुराने मेजाचा खण उघडला. तिथे आणखी एक वही होती, काकांच्या सुबक अक्षरांतली.

“समोर आठ दिवस फोडणीचा वास नाही. डबा परत आला. उद्यापासून बिघाड करावा.”

“साकेतला विचारून ड्रायव्हर वर्ज्य केला. पोर दीड पोळी जेवली.”

“पासवर्ड बदलला. दोन पोळ्या. भात नको म्हणाली.”

“सेवा थांबवली. आज भात मागून घेतला.”

पाने भरत गेली होती. शेवटच्या पानावर आजची तारीख होती.

“आज काही मोडले नाही. वाटेसाठी डबा बांधला. अन्नपूर्णे, पुढेही हिच्या पानात अशीच वाढत राहा.”