कापलेल्या नळाचं मीटर

नगर नियोजन खात्यातल्या फेलिसिदादने समुद्रकाठच्या सान रोके कोळीवस्तीच्या नकाशावर 'वस्ती नाही' असा शेरा मारून सही केली होती. घरं तिने स्वतः पाहिली होती. एका घरात आग्रहाने वाढलेला भात आणि सुका मासाही खाल्ला होता. पुढे वस्ती पाडून तिथे वाहनतळ झाला.

वर्षाने पाणीखात्याचा नेस्तोर तिला भर दुपारी तिथे घेऊन गेला.

"मॅडम, नळ कापलाय, तरी मीटर फिरतंय. खाली कान लावा जरा."

तिने लावला. सिमेंटखाली कुणीतरी भांडी घासत होतं. घासणं थांबलं.

"कोण आलंय?" तेव्हा भात वाढणाऱ्या बाईचाच आवाज, अगदी मायेचा.

फेलिसिदादला शरमेने स्वतःचं नाव सांगवेना.

खाली दाराची कडी निघाली.